नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा आणि बर्मिंगहॅमचा किस्सा

पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर आता कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि चलान थेट मोबाईलवर येतं. वेगाला लगाम बसत असेल तर चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे तंत्र जिथे जन्मलं तिथे पुढे काय झालं, ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

१९७६ साली ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन विभागात हे तयार झालं. चोरीच्या गाड्या पकडणं हे त्याचं साधं काम. पुढे १९९२ आणि १९९३ मध्ये आयआरएने लंडनच्या 'सिटी' भागात, म्हणजे बँकांच्या पेठेत, प्रचंड बॉम्बस्फोट केले. त्या भागाभोवती नाकी उभी राहिली आणि काही वर्षांत तिथे नंबर वाचणारे कॅमेरेही लागले. बॉम्ब फुटत असताना कॅमेऱ्याला नको कोण म्हणणार?

मग आलं २०१०. बर्मिंगहॅममधल्या स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या वस्त्या मुस्लिमबहुल, बरीच कुटुंबं मूळची पाकिस्तानातली. तिथे दोनशेहून जास्त कॅमेरे बसवले गेले. त्यातले बहुतेक नंबरप्लेट वाचणारे, ७२ तर चक्क लपवलेले! वस्तीत येणारी-जाणारी गाडी टिपली गेलीच पाहिजे अशी मांडणी. लोकांना सांगितलं होतं की हे चोऱ्यामाऱ्या आणि टवाळखोरी रोखायला आहे. पैसे मात्र, सुमारे ३० लाख पौंड, दहशतवादविरोधी निधीतून आले होते. रहिवासी प्रश्न विचारत राहिले, वर्तमानपत्रांनी छापलं, तेव्हा हे बाहेर आलं. तिथल्या नगरसेवकांनासुद्धा खरं चित्र दाखवलेलं नव्हतं.

एवढा गदारोळ झाला की पोलिसांना कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या. थेम्स व्हॅलीच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांनी चौकशी केली. कायदा काय म्हणतो याचा विचार जवळपास झालाच नव्हता, असं त्यांच्या अहवालात आलं. बर्मिंगहॅमच्या पोलीसप्रमुखांनी माफी मागितली आणि २०११ मध्ये कॅमेरे उतरवले गेले. ते कधी वापरात आलेच नाहीत.

मला यात तंत्रापेक्षा पैशाचा माग महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा कशासाठी आहे हे पाटीवर काहीही लिहिता येतं, निधी कुठून आला ते लपवणं अवघड.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकार स्वतःच्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं. (घरचंच कार्य, म्हटल्यावर काय!) ब्रिटनमध्ये या नोंदी आधी दोन वर्षं ठेवायचे, ती मुदत एक वर्षावर आणली. मलातर एक वर्षही जास्तच वाटतं, पण निदान आकडा लिहिलेला आहे.

आपल्या चौकात पुढचा कॅमेरा बसेल तेव्हा नगरसेवकांना विचारा: पैसे कुठल्या खात्यातले, नोंदी किती दिवस ठेवणार आणि त्या कोण बघणार? तोंडी उत्तरावर भागवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.