होबोकेनची भट्टी

बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या दक्षिणेला, शेल्ड नदीच्या काठावर होबोकेन आहे. १८८७ मध्ये इथे शिशातून चांदी वेगळी काढणारा कारखाना सुरू झाला. विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी आज त्याच कारखान्याच्या आवारात आहे. बॅटरीचा पुनर्वापर हा पर्यावरणाच्या चळवळीतून जन्मला असे अनेकांना वाटते. होबोकेनचा इतिहास मात्र त्याला थेट खाणीकडे नेऊन जोडतो.

ती खाण आफ्रिकेत होती. कांगोच्या कटांगा भागातले तांबे काढण्यासाठी १९०६ मध्ये ‘युनियन मिनिएर’ ही कंपनी स्थापन झाली. कांगोचे खनिज बोटींतून बेल्जियमला येई आणि होबोकेनच्याच कंपनीच्या ओलेन येथील कारखान्यात त्यातून तांबे, कोबाल्ट, १९२२ पासून तर रेडियमही निघू लागले. संपत्ती कांगोची, कष्ट तिथल्या मजुरांचे आणि धातू शुद्ध करण्याचे कसब मात्र बेल्जियममध्ये साठत गेले. १९६७ च्या आरंभी कांगोचे अध्यक्ष मोबुटू यांच्या राजवटीने त्या खाणी सरकारजमा केल्या. कसब तेवढे मागे उरले. पुढे होबोकेनच्या भट्टीत खनिजाची जागा हळूहळू भंगाराने घेतली: सर्किट बोर्ड, निकामी उत्प्रेरक, इतर कारखान्यांतला गाळ. १९८९ मध्ये युनियन मिनिएर आणि होबोकेनची कंपनी एक झाल्या आणि २००१ मध्ये त्यांनी ‘युमिकोर’ हे नाव घेतले.

बॅटऱ्यांची भट्टी आली २०११ मध्ये, वर्षाला ७,००० टन क्षमतेची. युरोपातल्या रोडस्टर मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी टेस्लाने त्याच वर्षी युमिकोरशी करार केला. भट्टीची रीत जुन्या धातुकामाचीच होती. बॅटरीतले प्लास्टिक आणि द्रव जळून उष्णता देतात. कोबाल्ट, निकेल आणि तांबे एकत्र वितळून मिश्रधातू होतो. लिथियम आणि ॲल्युमिनियम मळीत (स्लॅगमध्ये) जातात. मळी बांधकामाला वापरता येते. ज्या धातूवरून बॅटरीला नाव मिळाले तोच मळीत जायचा, कारण तो स्वस्त होता आणि कोबाल्ट महाग. काय परत मिळवायचे हे बाजारभाव ठरवत होता.

या हिशेबात शेजारची मोरेटुसबुर्ग ही वस्ती कुठेच नव्हती. तिथल्या मुलांच्या रक्तात शिसे आढळल्याचे १९७० च्या दशकातच उघड झाले. ते शिसे बॅटऱ्यांचे नव्हते. कारखान्याच्या जुन्या धंद्याचे होते. अंगणातली माती बदलली गेली, धूळ कमी करण्याचे उपाय झाले, तरी २०२० मध्ये मुलांच्या रक्तातले प्रमाण पुन्हा वाढलेले आढळले आणि कंपनीने कुंपणालगतची घरे विकत घेऊन तिथे झाडी लावायची तयारी दाखवली. धातूंचे चक्र पूर्ण करणाऱ्या उद्योगाच्या प्रत्येक गौरवगाथेत या वस्तीचे नाव यायला हवे. भंगारातून धातू गाळण्याची खरी किंमत तिथल्या पोरांनी मोजली आहे.

आता बाजारभावावर विसंबून चालणार नाही, हे युरोपने कायद्यातच लिहिले आहे. २०२३ च्या नियमानुसार टाकाऊ बॅटऱ्यांतले निम्मे लिथियम २०२७ अखेर आणि ८० टक्के २०३१ अखेर परत मिळवणे बंधनकारक आहे. निर्णय वेळेवर आला, कारण चीनमधून पसरलेल्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांत कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही. म्हणजे भट्टीचा खर्च भरून काढणारे दोन्ही धातू गायब. शिवाय मोटारींच्या बॅटऱ्या अनेकांच्या अंदाजापेक्षा जास्त टिकत आहेत, आणि मोटारीतून काढल्यावरही कित्येक बॅटऱ्या वीज साठवण्याच्या कामी लागतात. युमिकोरने युरोपात होबोकेनच्या भट्टीहून कितीतरी मोठा कारखाना उभारण्याची घोषणा केली होती. तो बेत पुढे ढकलला गेला. पुनर्वापराच्या कारखान्यांकडे सध्या येणाऱ्या मालात मोठा वाटा नव्या बॅटऱ्या बनवतानाच निघालेल्या कातरणांचा आणि नापास सेलचा आहे.