परसातली कर्दळ

मेहकर असो की जळगाव जामोद, न्हाणीचे पाणी जिथे परसात मुरते, तिथे बहुधा कर्दळ दिसते. चार फुले देवाला वाहिली, की आपला तिच्याशी संबंध संपला. पण या झाडाचा खरा इतिहास जमिनीखाली, गड्ड्यात आहे.

कर्दळीचे माहेर अमेरिका खंडात. लिनियसने १७५३ साली तिला ‘इंडिका’ म्हटले खरे, पण त्या काळी युरोपात अमेरिकेकडच्या बेटांनाही ‘इंडीज’ म्हणत. मलबारच्या वनस्पतींवर डचांचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात निघाला, त्यात ती आहे. म्हणजे तोवर ती इकडे रुळली होती. जुन्या मराठीत ‘कर्दळी’ म्हणजे केळ. दत्तभक्तांचे कर्दळीवन आपण ऐकतोच. पाने केळीसारखी, म्हणून या पाहुणीला तेच नाव पडलेले दिसते.

पेरू देशात तिला ‘अचिरा’ म्हणतात. तिथे चार हजार वर्षांपूर्वीही तिचे गड्डे खात असत. आजही ते भट्टीत भाजून खातात. कोलंबियात तिच्या सत्त्वाची बिस्किटे होतात, व्हिएतनाममध्ये शेवया. रीत म्हणाल, तर आपल्या घरचीच. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो ना, तसेच गड्डे किसायचे, पाण्यात कालवून गाळायचे. निवळले की सत्त्व तळाशी बसते.

झाड समुद्र ओलांडून आले, पण त्याचा उपयोग मागेच राहिला. आपल्याकडे ती शोभेचीच ठरली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाची अन्नान्नदशा झाली, हे आपण विसरू नये. अशा वेळी ओळखीचे कंदमूळच माणसाला हात देते. दारचे अन्न ओळखता न येणे हे मोठे दारिद्र्य होय.

मात्र सांडपाण्यावरचा गड्डा खाऊ नका; कर्दळ त्या पाण्यातली घाणही शोषून घेते. खाण्यासाठी वेगळी लावा. मोठ्या फुलांच्या बागेतल्या जाती शोभेच्या. लहान लाल फुलांची साधी कर्दळ घ्या. पावसाळ्याच्या तोंडी डोळा असलेला तुकडा, कुजलेले शेणखत घालून, स्वच्छ मातीत दोन दोन फुटांवर लावा. सहा-आठ महिन्यांनी गड्डे काढा.

गुरुजी, शाळेच्या बागेत एक वाफा करून पाहा. गड्डा खणून मुलांपुढे सत्त्व काढा. भूगोल, इतिहास आणि शेती, तिन्ही धडे एकाच वाफ्यात होतील.