विंचू, विहीर आणि विद्यार्थी

आज आपण पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी जमलो आहोत. गडावरची हवा मानवेना म्हणून जिजाऊंसाठी इथं वाडा बांधला, असं सांगतात. त्या वाड्यात तक्क्याची विहीर आहे. तिथं दगडी तक्क्याला टेकून जिजाऊ येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत, अशी आठवण गाव आजही सांगतं. हवा, पाणी आणि लोकांचं म्हणणं: लोकस्वास्थ्य म्हणजे तरी दुसरं काय? पण पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे वर्गात बसून कळेल का?

सेवेतून शिक्षण म्हणजे गावाला हवं असलेलं काम करायचं आणि त्या कामातूनच विषय शिकायचा. नुसतं श्रमदान केलं तर अभ्यास राहतो, नुसता सर्व्हे केला तर सेवा राहते.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच महाड तालुक्यात आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. हा काही अभ्यासक्रम नव्हता, नोकरी होती. लाल विंचू चावलेली माणसं यायची. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. पुस्तकात नेमका उपाय नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी बसले, बारीकसारीक नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये आल्या. पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. प्रश्न गावानं दिला, उत्तरही गावातच राहिलं.

हीच गोष्ट अभ्यासक्रमात बसवायचा प्रयत्न सेवाग्रामला झाला. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथले विद्यार्थी पंधरा दिवस दत्तक गावात राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबं असतात, आणि शिबीर संपलं तरी त्या घरांशी येणं-जाणं चालू राहतं. आमच्या मते खरं मोल या शेवटच्या गोष्टीचं आहे.

कारण एरवी काय होतं? दरवर्षी नवी तुकडी येते, तेच फॉर्म भरते, निघून जाते. विद्यार्थ्याला गुण मिळतात, बाईचा मात्र अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. पुढच्या खेपेला ती दार लावून घेते. तिचं काही चुकतं का?

म्हणून आम्ही साधी सुरुवात सुचवतो. विद्यार्थ्यानं आशाताईंबरोबर विहिरीवर जावं. पाणी किती आहे ते मोजून टीसीएल पावडर टाकायला शिकावं, मग घराघरात ओटी टेस्ट करावी. विहिरीपाशी क्लोरीन दिसतं, हंड्यात का दिसत नाही? पावडर जुनी होती, पाण्याचा अंदाज चुकला, की पाणी दोन दिवस साठवलेलं होतं? हे शोधता शोधता साथरोगशास्त्राचा अर्धा धडा होतो.

आणि जे सापडेल ते आधी ग्रामसभेत सांगावं, मग प्रबंधात लिहावं. एवढा क्रम पाळला तरी पुढच्या तुकडीला गावात दार उघडं मिळेल.