कृत्रिम तांदूळ आणि म्हैसूरची अन्नसंशोधन संस्था

राष्ट्राच्या अन्नाचा इतिहास लिहिताना पिकांचा, भावांचा व दुष्काळांचा हिशेब मांडला जातो. अन्नाला दिल्या गेलेल्या नावांचा सहसा मांडला जात नाही. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा वृत्तान्त पाहू जाता ही उणीव विशेषत्वाने जाणवते. या संस्थेने सिद्ध केलेले काही पदार्थ शास्त्रदृष्ट्या निर्दोष असूनही लोकांच्या ताटात पोचले नाहीत आणि काही मात्र सहज रुळले. या भेदाचे सगळे कारण प्रयोगशाळेत सापडण्यासारखे नाही.

संस्थेच्या स्थापनेमागील परिस्थिती सर्वविदित आहे. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात, निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे, वीस ते तीस लक्ष माणसे मरण पावली. 1947 च्या फाळणीने पंजाबातील कालव्यांखालचा बराच सुपीक मुलूख पाकिस्तानात गेला. 1951 नंतर धान्याची आयात करावयाची नाही, असा संकल्प नेहरू सरकारने 1949 मध्ये सोडला होता. तो सिद्धीस गेला नाही हे खरे, परंतु त्या संकल्पाच्या छायेतच म्हैसूरच्या संस्थेचा जन्म झाला. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद तेव्हा राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी करीत होती. तीतील या प्रयोगशाळेस म्हैसूरच्या राजघराण्याचा चेलुवांबा महाल मिळाला. चौथे कृष्णराज वडियार यांनी आपल्या बहिणीसाठी बांधलेल्या या प्रासादात 1950 साली भट्ट्या, गाळण्या व तराजू येऊन बसले. पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन् हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

तांदूळ कमी पडतो, तर तांदळाजागी काय द्यावे, हा प्रश्न संस्थेपुढे प्रथमपासून होता. उत्तराचा धागा त्रावणकोरात सापडण्यासारखा होता. तेथे विशाखम् तिरुनाळ महाराजांनी 1880 ते 1885 च्या दरम्यान टॅपिओकाच्या लागवडीस उत्तेजन दिले होते, आणि ब्रह्मी तांदूळ बंद झाल्यावर याच कंदाने तेथील गरिबांना तगविले होते. कंद एकरी भरपूर येतो. पण त्यात पिष्ट बहुतेक सगळे आणि प्रथिन नाममात्र. म्हणून म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी टॅपिओकाच्या पिठात शेंगदाण्याचे पीठ मिसळले, मिश्रण मळून यंत्राच्या छिद्रांतून दाबून काढले आणि त्याचे तांदळाएवढे दाणे कापून वाळविले. या दाण्यांत प्रथिनाची भर पडली होती, ते शिजतही होते. पंतप्रधानांनाही या उपक्रमाचे अगत्य होते. हा पदार्थ ‘कृत्रिम तांदूळ’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ‘कृत्रिम’ हा शब्द मुळात हीन नाही. मनुस्मृतीतील बारा प्रकारच्या पुत्रांत ‘कृत्रिम’ पुत्राची गणना आहे, आणि तो दायाद, म्हणजे वारसाहक्क असलेल्या पहिल्या सहांपैकी एक आहे. जो केला, घडविला तो कृत्रिम, एवढाच त्याचा धात्वर्थ. परंतु अर्वाचीन भाषांत हा शब्द ‘खोटा’, ‘बनावट’ या अर्थांकडे घसरला आणि तो अन्नाला लावण्यास 1950 च्या सुमाराइतका प्रतिकूल काळ क्वचितच असेल. वनस्पती तुपावर बंदी घालावी की नाही याबद्दल त्या वेळी संसदेत व बाहेर कडाक्याचा वाद चालू होता. ‘डालडा’ हे व्यापारी नाव बोलभाषेत नकली वस्तूचे विशेषण होऊन बसले. रेशनच्या धान्यातील खडे व माती यांचा अनुभव तर घरोघरी होता, आणि अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली व्हावयाचा होता. अशा वेळी सरकारने ‘कृत्रिम तांदूळ’ पुढे केला, तर ग्राहकाने त्यात विज्ञान पाहावे की भेसळ?

तुलनेसाठी दूर जावयास नको. महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा हाही यंत्राने घडविलेला दाणाच आहे. ‘साबू’ या पूर्वपदाचे मूळ मलायी ‘सागू’ या शब्दात आहे आणि तो पदार्थ मुळात तिकडच्या एका ताडजातीय झाडाच्या गाभ्यापासून होत असे. महायुद्धात पूर्वेकडील आयात अडल्यावर मद्रास इलाख्यातील सेलम भागात टॅपिओकाच्या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. वस्तू पालटली, नाव तेच राहिले, आणि एकादशीला कोणाचीही तक्रार आली नाही. साबुदाण्याच्या खिचडीत पडणारे शेंगदाणे, मिरची व बटाटा हे तिन्ही जिन्नस, खुद्द टॅपिओकाप्रमाणेच, अमेरिका खंडांतून आलेले. म्हणजे या उपवासाच्या अन्नातले तूप, जिरे व मीठ सोडल्यास प्राचीन असे फारसे काही नाही. अधिक मौजेची गोष्ट अशी की टॅपिओका आणि शेंगदाणा हेच म्हैसूरच्या कृत्रिम तांदळाचेही दोन घटक होते. महाराष्ट्रातील गृहिणी जे मिश्रण भक्तिभावाने परतीत होती, तेच तांदळाच्या रूपात येताच नकोसे व्हावे, याचे कारण चवीत जितके असेल तितकेच दाव्यात असले पाहिजे. साबुदाणा स्वतःस तांदूळ म्हणवीत नाही. 1956 पासून अमेरिकेचा गहू सवलतीने येऊ लागल्यावर पर्यायी तांदळाची निकडही ओसरली.

नावाची अशीच अडचण दुसऱ्या एका पदार्थास भोवली. तेल काढून उरलेल्या शेंगदाण्याच्या चोथ्यात निम्म्याच्या आसपास प्रथिन असते. लॉस एंजेलिस येथे 1946 मध्ये सुरू झालेल्या एका धर्मादाय उपक्रमाचे सोयाबीनचे ‘बहुउद्देशीय अन्न’ प्रसिद्ध होते. त्याचा भारतीय अवतार म्हैसूरला तयार झाला: तीन भाग शेंगदाण्याचे कमी तेलाचे पीठ, एक भाग हरभऱ्याचे पीठ, वर जीवनसत्त्वे व चुना. पोषणाच्या हिशेबाने हे अन्न उत्तम होते. पण मराठीत या चोथ्याला ‘पेंड’ म्हणतात आणि पेंड गोठ्यात जाते. आणि ‘बहुउद्देशीय’ हा शब्द धरणांना शोभतो, जेवणाला नाही. पुढे 1960 साली इंग्लंडात टर्की पक्षी हजारोंनी मेले व त्याचा माग शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीच्या विषापर्यंत लागला, तेव्हा या पिठाबद्दलची शंका शास्त्रीयही झाली. शेवटी 1970 च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातून निघून जागतिक अन्न व शेती संघटनेत कीर्ती मिळविलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मूळ गृहीतावरच बोट ठेवले: गरिबांना प्रथिन वेगळे कमी पडत नाही, एकंदर अन्नच कमी पडते, पोटभर नेहमीचे जेवण मिळाल्यास प्रथिनाची गरज बहुधा भागते. या मताविषयी वाद झाले, तरी प्रथिनपूरक पिठांमागील उत्साह ओसरू लागला.

याउलट म्हशीच्या दुधाचे उदाहरण आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाने 1955 साली आणंद येथे ती करून दाखविली. तथापि तान्ह्या मुलाला ते दूध पचण्यास जड, कारण त्यात स्निग्धांश अधिक आणि पोटात जमणारा साका घट्ट. स्निग्धांश उतरवून, साका मऊ करून, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे घालून बालकांचे अन्न तयार करण्याची कृती म्हैसूरने बसविली, आणि 1960 च्या सुमारास आणंदचे डबे बाजारात येऊन परदेशी डब्यांची जागा घेऊ लागले. येथे दूध दूधच होते. आईला नवा शब्द शिकावा लागला नाही. तिला डब्याची सवय आधीच विलायती कंपन्यांनी लावलेली होती. त्या सवयीचे गुणदोष हा वेगळा विषय.

संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम मात्र ज्याची वार्ताही झाली नाही असे आहे. तूर भरडताना डाळीचा बराच भाग चुरी होऊन वाया जाई; तो वाचविण्यासाठी दाण्यास तेलपाण्याऐवजी उष्ण हवेचा संस्कार देण्याची रीत व पुढे लहान डाळयंत्र तेथे तयार झाले. उकड्या तांदळाचेही तसेच. कोकण, गोवे व सारा दक्षिण किनारा ज्या उकड्या तांदळावर जगतो, त्यासाठी भात दोन-तीन दिवस थंड पाण्यात भिजत ठेवीत. तेवढ्यात ते आंबे आणि शिजल्यावर भाताला दुर्गंधी येई. म्हैसूरच्या पद्धतीत पाणी साधारण 65 ते 70 अंश तापवून त्यात भात तीन-चार तास ठेवतात व मग वाफवतात. कोंड्यालगतचे जीवनसत्त्व नेहमीप्रमाणे दाण्यात उतरते, वेळ वाचतो, वास येत नाही. गिरणीवाल्यांनी ही रीत उचलली. खाणाऱ्याला ती कळलीही नाही, आणि बाजारात तो तांदूळ पूर्वीच्याच नावाने विकला गेला.