बागेचा पैसा आणि बागेची निगा

मी सातवीपर्यंत शिकलेली. तरी बागेविषयी चार शब्द लिहिते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने उद्याने व क्रीडांगणे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आली. पण यादीने तिजोरी भरत नाही. जून 2015 मध्ये केंद्राने 500 शहरांसाठी ‘अमृत’ योजना काढली. तीत अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम बागांसाठी ठेवली. दहा लाखांपर्यंत वस्तीच्या शहरांतील बागांचा निम्मा खर्च केंद्राने, किमान एक पंचमांश राज्याने द्यायचा होता. देखभालीत रहिवाशांनीही हातभार लावावा, असे ठरले.

मागे एका बागेतील तुटक्या झोपाळ्यावरून माझी धाकटी पडली. हनुवटीला टाके पडले. तेव्हा उमगले, अनुदानाने बाग होते, पण ती टिकते निगराणीने. मंडळाने दर शनिवारी आपल्या बागेत एक फेरी मारावी, एवढीच विनंती.