रामलिंग बेट (बहे)

रामलिंग बेट हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील बहे या गावाजवळ कृष्णा नदीच्या पात्रात असलेले बेट आहे. बेटावर रामलिंगाचे शिवस्थान, राममंदिर व समर्थ रामदासस्थापित मारुती आहे. सांगली व सातारा जिल्ह्यांतील भाविकांप्रमाणेच एका दिवसाच्या सहलीसाठी येणाऱ्यांनाही हे ठिकाण परिचित आहे.

आख्यायिका

रावणवधानंतर अयोध्येस परतताना श्रीरामाने येथे शिवलिंगाची स्थापना करून पूजा आरंभिली. त्याच वेळी कृष्णेला पूर आला. पूजेत विघ्न येऊ नये म्हणून मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी अडवले, प्रवाह दुभंगला आणि मध्ये बेट उरले, असे सांगतात. ‘बाहे’ किंवा ‘बहे’ या ग्रामनामाचा संबंधही ‘बाहू’ या शब्दाशी जोडला जातो.

अकरा मारुतींतील स्थान

बहे-बोरगाव येथील मारुतीची स्थापना समर्थांनी शके १५७३ मध्ये (इ.स. १६५१-५२) केली, असे परंपरेने मानले जाते. ही मूर्ती समर्थांनी नदीच्या डोहातून वर काढली, अशी श्रद्धा आहे. पाणी थोपवून धरल्याप्रमाणे तिचे हात दोन्ही बाजूंना आहेत. अकरा मारुतींपैकी सात सातारा, दोन सांगली व दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. सांगली जिल्ह्यातील दुसरा मारुती शिराळा येथे आहे. त्यामुळे अकरा मारुतींच्या दर्शनयात्रेत बहे हा एक टप्पा असतो.

नदी आणि पूर

कृष्णा सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथे उगम पावते. कऱ्हाड येथील प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते व पुढे हा एकत्रित प्रवाह बह्याकडे येतो. त्यामुळे बेटावरील पाण्याची पातळी केवळ स्थानिक पावसावर अवलंबून नसते. महाबळेश्वर-पाटण भागात अतिवृष्टी झाल्यास, किंवा १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणातून विसर्ग वाढल्यास, बहे परिसरात ऊन असतानाही पात्र चढू शकते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुरांनी सांगली जिल्ह्यात मोठी हानी केली. अशा पुरात बेटाला पाण्याचा वेढा पडतो.

भेटीचा काळ

पावसाळा संपून पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी, बेटाची भेट सोयीची ठरते. दर्शन, काठावरील वनभोजन व झाडांच्या सावलीतील विश्रांती यांत दिवस जातो. मात्र संथ दिसणाऱ्या पात्रातही खोल डोह असतात व ओला खडक निसरडा असतो. म्हणून अनोळखी जागी पोहणे टाळावे आणि मुलांना एकटे पाण्यात सोडू नये. पावसाळ्यात निघण्यापूर्वी धरणांतील विसर्गाची माहिती घ्यावी. पाणी चढू लागल्याचे दिसताच, ते ओसरण्याची वाट न पाहता, बेट सोडणे हिताचे असते.