कृष्णविवराला टिचकी

मडके पक्के आहे का, हे आपण टिचकी मारून पाहतो. पण कृष्णविवराला टिचकी मारायची कशी? सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली ती संगणकावर मारली. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या गणिती प्रतिमेवर त्यांनी गुरुत्वीय लहरींचे स्पंद सोडले. रुंद स्पंदांनी काहीच हाती लागेना. स्पंद विवराच्या आकाराइतका अरुंद केला, तेव्हा परतणारी लहर घंटेसारखी घुमत विरून गेली! विवराचे वस्तुमान जितके अधिक, तितका हा नाद खर्जातला. म्हणजे नादावरून विवराचे वजन कळावे.

ऐकणार कोण, हा प्रश्न ४५ वर्षे राहिला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन्ही यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली. तिच्या शेवटी हाच विरता नाद होता. विश्वेश्वरांना ते पाहायला मिळाले. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले.